आतून बघायच्या खिडक्या, बाहेरून बघायच्या खिडक्या

मंडळी, आधीच सांगून टाकतो. चर्चची वास्तुकला हा काही माझा प्रांत नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि शनिवार-रविवारी जे डोक्यात घोळतं ते असं कागदावर उतरवतो. आजचा विषय मात्र बरीच वर्षं घोळतोय.

२००८ च्या डिसेंबरात कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे पॅरिसला होतो. ऑनसाइट म्हटलं की लोकांना वाटतं मजाच मजा. प्रत्यक्षात सोमवार ते शुक्रवार ऑफिस-हॉटेल-ऑफिस. हातात उरतो तो वीकेंड. अशाच एका शनिवारी सकाळी मोंपार्नास स्टेशनवर गाडी पकडली आणि तासाभरात शार्त्रला उतरलो. तिथलं कॅथीड्रल बघायचं होतं.

आत शिरलो तर पहिल्यांदा काहीच दिसेना. गुडुप अंधार, आणि वर हवेत तरंगल्यासारखे निळे-लाल तुकडे. डोळे सरावायला पाचेक मिनिटं लागली. मग हळूहळू एकेका खिडकीतली माणसं दिसायला लागली.

थोडा इतिहास. ११९४ मध्ये आगीत जुनं कॅथीड्रल जवळजवळ सगळं जळालं. लगेच नवीन बांधायला घेतलं आणि १२०० ते १२३५ च्या दरम्यान त्यात बहुतेक खिडक्या बसल्या. पावणेदोनशेच्या आसपास खिडक्या, सुमारे २,६०० चौरस मीटर काच! त्या काळात मोठी सलग काच करताच येत नव्हती. वाळू आणि लाकडाची राख भट्टीत वितळवायची, निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. लाल काच जाड झाली की काळीच दिसते, म्हणून साध्या काचेत लालचे पातळ थर द्यायचे. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. म्हणजे त्या काळ्या रेघा आधी निव्वळ गरज होती. कारागिरांनी त्याच रेघांचं चित्र केलं. ज्यांनी तुटपुंज्या मेमरीत बसणारे प्रोग्रॅम लिहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको :)

(जाता जाता : जुनी काच शतकानुशतकं खाली ओघळते, म्हणून ती खालच्या बाजूला जाड असते, असं आपण कॉलेजात ऐकलेलं असतं. ते खोटं आहे. ती बनवतानाच कमीजास्त जाडीची व्हायची.)

असो. मी अडकलो ते शार्लमेन राजाच्या खिडकीपाशी. अशा खिडक्या साधारणपणे खालून वर वाचत जायच्या असतात. वरती लढाया, संत, चमत्कार. आणि अगदी तळाशी, उभ्या माणसाच्या नजरेला सगळ्यात जवळ, काय आहे? एक फरविक्या. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि हा त्याला फरचं अस्तर लावलेला झगा उलगडून दाखवतोय.

मी बघतच राहिलो. ती उभं राहण्याची ढब मी लहानपणापासून पाहिली होती.

माझे वडील लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन होते. एका झटक्यात घडी मोडायची आणि पदर असा पसरायचा की नजर आधी जरीवर जावी. दिवाळीच्या आधी दुकानाची शोकेस लावायचं कामही बाबांकडेच असे. रात्री दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून ते आणि हाताखालचा पोऱ्या टाचण्या, दोरा, पुठ्ठे घेऊन बसत. मी डबा द्यायला जायचो. बाबा मला रस्त्यावर उभं करून विचारायचे, "तिथून कसं दिसतंय बघ रे." ते म्हणायचे, काचेतली साडी घेणारे दहा, बघणारे हजार. त्या हजारांसाठी लावायची.

शार्त्रच्या खिडक्यांत असे कितीतरी धंदेवाले आहेत. पाव विकणारे, चांभार, कापडवाले, सराफ. बरीच वर्षं असं मानलं जायचं की या व्यवसायांच्या संघांनी खिडक्यांसाठी वर्गणी दिली आणि तळाशी आपलं चित्र काढून घेतलं. आपल्याकडे देवळात पंखा दिला की पात्यावर नाव घालतात, तसं. पण १९९३ मध्ये जेन वेल्च विल्यम्स या कला-इतिहासकार बाईंनी एक अख्खं पुस्तक लिहून ही गोष्ट इतकी सरळ नाही हे दाखवलं. या धंदेवाल्यांच्या गावात तेव्हा पक्क्या संघटनाच नव्हत्या. आपला शहरातला व्यापार चर्चच्या छत्राखाली कसा सुखाने चाललाय हे चर्चलाच दाखवायचं असेल, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे फरविक्याने खिडकीला पैसे दिले की खिडकीने फरविक्याला वापरलं, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बाजार त्या काचेत आला होता हे नक्की.

चारनंतर उजेड उतरायला लागला आणि खिडक्या एकेक करून विझल्या. बाहेर येऊन वर पाहिलं तर त्याच खिडक्या, पण काळ्या पाट्यांसारख्या.

त्याच संध्याकाळी पॅरिसला परतलो आणि सहकाऱ्याने आग्रह केला म्हणून ओसमान बुलेव्हारवर गेलो. गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानाच्या शोकेसपुढे ही गर्दी! नाताळचे हलते देखावे, आणि काचेला नाक लावून बसलेली पोरं. इथे सगळं उलटं होतं. माणसं अंधारात बाहेर, उजेड आत. आणि काच अशी की ती आहे हेच कळू नये. एकोणिसाव्या शतकात मोठ्या सपाट काचा बनायला लागल्या, पाठोपाठ गॅसचे आणि मग विजेचे दिवे आले, आणि दुकानाची भिंत एकदम रंगमंच झाली. झोलाने १८८३ च्या कादंबरीत अशाच एका दुकानाचा मालक नायक केला, आणि तो पॅरिसमधला सगळ्यात भारी शोकेस लावणारा दाखवला. पुस्तकासाठी झोला स्वतः दुकानांतून वही घेऊन फिरला होता.

दुकानाच्या आत गेलो आणि मान वर केली. ४३ मीटर उंच घुमट, रंगीत काचांचा! १९१२ मधला, काचा जाक ग्रुबेर या कलाकाराच्या. सकाळी खिडकीत दुकान पाहिलं होतं, संध्याकाळी दुकानात चर्चची खिडकी.

एक फरक मात्र मोठा आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर असताना, शार्त्रच्या खिडक्या एकेक करून उतरवल्या. पेट्यांत भरून आधी तळघरात, मग नैर्ऋत्येला दोर्दोन्य भागातल्या एका खाणीत ठेवल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन टेहळे असल्याच्या संशयावरून कॅथीड्रलवर तोफा डागायची वेळ आली, तेव्हा वेलबॉर्न ग्रिफिथ या अमेरिकन कर्नलने स्वतः आत जाऊन खात्री केली की तिथे कुणी नाही. इमारत वाचली. ग्रिफिथ त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात मारला गेला. युद्धानंतर खिडक्या परत बसवल्या गेल्या.

शोकेससाठी असं कोण करणार? नाताळ संपला की देखावा निघतो, दिवाळी संपली की साड्या परत घड्या होऊन कपाटात. मी लिहिलेल्या पहिल्या बिलिंग सिस्टिमचंही तेच झालं. तीन वर्षांत नवीन आली, जुनी पुसून टाकली. त्याचं मला काही वाटत नाही. पण बाबा २००३ मध्ये गेले आणि त्यांनी लावलेल्या तीस दिवाळ्यांपैकी एकाही शोकेसचा फोटो आमच्याकडे नाही. तेव्हा सुचलंच नाही.

म्हणून त्या फरविक्याचं मला अप्रूप वाटतं. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, दुकान कधीच संपलं, झगा कुणी घेतला की नुसता बघून निघून गेला तेही कळायला मार्ग नाही. पण आठशे वर्षं तो तिथे उभा आहे आणि घडी मोडून दाखवतो आहे.

शार्त्रला गेलात तर वरच्या निळ्या रंगाने दिपून जाल, जायलाच हवं. पण दोन मिनिटं खाली वाकून त्यालाही बघा.