रहस्यपटाची उत्कंठा : ‘पाठलाग’ आणि ‘आय कन्फेस’

शनिवारच्या संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट दाखवला जाई, त्या काळात अंबरनाथच्या आमच्या चाळीतील ख्रिस्ती घरांतून जपमाळेची प्रार्थना थोडी लवकर आटोपत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या उंबऱ्यापर्यंत शेजारपाजार जमे. अशाच एका शनिवारी ‘पाठलाग’ पाहत असता, ऐन खटल्याच्या प्रसंगी वीज गेली. अंधारात एकही माणूस उठून घरी गेले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातील ती स्त्री वकिलाची खरी पत्नी की कोणी भामटी, यावरून मेणबत्तीच्या उजेडात दोन तट पडले. वीज आली तेव्हा चित्रपट संपून गेला होता.

राजा परांजपे यांचा हा चित्रपट १९६४ सालचा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे म्हणते, एवढ्या एका पेचावर सारा डोलारा उभा आहे. रहस्यकथेची गोडी मराठी वाचकाला नवी नव्हती. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर घरोघरी पोहोचले होतेच. तरी ‘पाठलाग’ने केवळ ‘खुनी कोण’ हा प्रश्न न विचारता, ‘या माणसाने कोणावर विश्वास ठेवावा’ हा प्रश्न विचारला. १९६६ साली राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ काढला. ज्यांना मराठी चित्रपटाचा शेवट ठाऊक होता, तेही तो पाहायला गेले. शेवट ठाऊक असूनही माणूस श्वास रोखून बसतो, ते कशामुळे?

या कोड्याचे उत्तर आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांना दिलेल्या १९६२च्या प्रदीर्घ मुलाखतीत सापडते. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना माहीत नसेल, तर स्फोटाने ते क्षणभर दचकतील, इतकेच. मात्र बॉम्ब ठेवताना त्यांनी पाहिला असेल, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही त्यांना असह्य होतात. उत्कंठा अज्ञानातून उपजत नाही. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावरच्या माणसाला सांगता येत नाही, त्या तळमळीतून ती उपजते.

हिचकॉक जन्माने कॅथलिक होते. लंडनच्या सेंट इग्नेशियस कॉलेजात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले, आणि भीतीची आपली जाणीव बहुधा तेथेच वाढली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांचा १९५३चा ‘आय कन्फेस’ आमच्या वाचकांनी मुद्दाम पाहावा. क्वेबेक शहरातील चर्चचा सेवक चोरी करताना एका वकिलाचा खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगन यांच्यापाशी पापनिवेदन करतो. खुनी झग्यात वावरला होता, म्हणून संशय येतो तो फादरांवरच. खुनी कोण हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच कळते. पोलिसांना कळत नाही. आणि फादरांना कळूनही सांगता येत नाही. माँटगोमेरी क्लिफ्ट यांच्या डोळ्यांत ते न बोललेले वाक्य सबंध चित्रपटभर दिसत राहते.

हा चित्रपट काढायलाच नको होता, असे पुढे हिचकॉक यांना वाटले. धर्मगुरू जीव धोक्यात घालूनही गप्प राहील, हे कॅथलिकेतर प्रेक्षकांना पटेना. आमचे मत वेगळे आहे. पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनेच ठरवली. प्राग येथील संत जॉन नेपोमूक यांना १३९३ साली नदीत बुडवण्यात आले, तेही राणीचे पापनिवेदन राजाला न सांगितल्यामुळे, अशी परंपरा आहे. जो प्रेक्षक लहानपणी जाळीआड गुडघे टेकून बोलला आहे, त्याला फादर लोगन यांचे मौन समजावून सांगावे लागत नाही. त्याला भीती वाटते ती वेगळीच : हे बोलून तर टाकणार नाहीत ना? फाशी टळावी असेही वाटते आणि शब्द फुटू नये असेही वाटते. दोन्ही इच्छा एकाच वेळी मनात ताणलेल्या राहतात.

उल्हासनगरला रात्रीचा खेळ पाहणाऱ्या आम्हा अंबरनाथ-बदलापूरच्या मंडळींना आणखी एक उत्कंठा असे, ती शेवटच्या लोकलची. कित्येक खुनी आम्हाला त्या गाडीपायी अज्ञात राहिले.

आता त्या शनिवारकडे वळू. आमच्यात एक वृद्ध मावशी होत्या, ज्यांनी ‘पाठलाग’ पूर्वीच थिएटरात पाहिला होता. आम्ही पोरांनी त्यांना परोपरीने विनवले, एकाने तर चण्यांची पुडी देऊ केली. मावशींनी चणे खाल्ले आणि म्हणाल्या, “बाळांनो, परत लागेल तेव्हा बघा.” तो परत पाहायला आम्हाला सात वर्षे लागली, आणि तोवर मावशी राहिल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले नाही, म्हणून त्याचा शेवट आम्हीही येथे लिहीत नाही.