पाटी बदलणारे दुकान

औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानांच्या शेजारी एक लहानसे दुकान आहे. त्याचे नाव मी मुद्दामच देत नाही. मालकांना ते आवडणार नाही. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, कारण त्यांच्या वडिलांना सगळे ‘मास्तर’ म्हणत असत. दुकानावर पत्र्याची एक जुनी पाटी आहे. पावसाळ्यात तिचा वरचा रंग पोपडे धरतो आणि खालची अक्षरे डोके वर काढतात. आज तिच्यावर ‘सेवा केंद्र’ असे लिहिले आहे. पण त्याखाली ‘सायबर कॅफे’ आहे, त्याच्याखाली ‘संगणक वर्ग’, त्याच्याही खाली ‘एस.टी.डी.’ आणि सगळ्यांत तळाशी, निळ्या रंगात, ‘मराठी-इंग्रजी टंकलेखन’. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा पत्त्याची ओळही नव्याने रंगवावी लागली.

संगणकाचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंगळूर किंवा हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. त्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते या पाटीविषयी. कारण आमच्यासारख्या गावात संगणक आणि इंटरनेट लोकांच्या घरी थेट आले नाहीत, ते आधी अशा दुकानांत आले. आणि ही दुकाने मुळात संगणकाची नव्हतीच.

त्यांचे मूळ शोधायचे तर निजामाच्या काळात जावे लागते. मराठवाड्यातला शेतकरी बोलायचा मराठी, पण कचेरीचा कारभार चालायचा उर्दूत. वाटणीचा तंटा असो, सारा माफ करून घ्यायचा असो, अर्ज उर्दूत हवा. म्हणून कचेरीच्या आवारात झाडाच्या सावलीत अर्जनवीस बसलेले असत. समोर बैठे मेज, बोरू आणि दौत. माझे आजोबा सांगत, की अर्जनवीस नुसते लिहून देत नसे. कोणत्या साहेबापुढे कोणता शब्द चालतो, कोणता कागद जोडला नाही तर अर्ज परत येतो, हे त्याला पाठ असे. पैसे त्या माहितीचे. अक्षर फुकटच म्हणायचे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि राजभाषा अधिनियम २६ जानेवारी १९६५ पासून अमलात येऊन मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. एवढ्या सतरा वर्षांत झाडाखालचा बोरू मागे पडला. पण अर्ज काही कमी झाले नाहीत! उलट नवे राज्य, नवी खाती, नव्या नोकऱ्या. आता अर्ज मराठीत आणि तोही टंकलिखित हवा, एवढाच फरक. आमच्या मास्तरांनी नेमकी ही फट हेरली आणि दोन जुनी यंत्रे विकत घेऊन संस्था काढली. १९५५ साली गोदरेजने स्वदेशी टंकयंत्र बाजारात आणले होते, तरी मास्तरांची दोन्ही यंत्रे रेमिंग्टनची होती आणि त्यांचा त्यांना केवढा अभिमान!

मी १९६८ साली तेथे शिकायला जात असे. कारकुनाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला तीस आणि इंग्रजीत चाळीस शब्द, हे दोन आकडे त्या काळच्या प्रत्येक मॅट्रिक झालेल्या मुलाच्या उराशी बसलेले असत. मास्तर कळांवर पत्र्याचे झाकण ठेवीत आणि म्हणत, “नजर कागदावर. बोटांना डोळे फुटू द्या.” दिवसभर वर्ग चाले; संध्याकाळी मात्र मास्तर स्वतः यंत्रापुढे बसत आणि खेड्यावरून आलेल्या माणसांचे अर्ज टंकीत. त्या वेळी मला वाटे, वर्ग हा धंदा आणि अर्ज हा जोडधंदा. ते उलटे होते, हे कळायला मला फार वर्षे लागली. १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे सुरू झाले, तेव्हा वर्ग तेवढाच राहिला आणि टंकनाचे काम दुपटीने वाढले. चार-चार कार्बनी प्रती, त्यातली शेवटची कशीबशी वाचता येण्याजोगी.

फोनच्या बूथची कहाणी थोडक्यात सांगता येईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गल्लोगल्ली पिवळ्या पाट्या लागल्या आणि मास्तरांनी दाराशी काचेची एक खोकी उभी केली. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून सव्वाअकराला रांग. आत बोलणाऱ्याची नजर लाल आकड्यांच्या मीटरवर, बाहेरच्यांची त्याच्या तोंडावर.

संगणक आला तो सरांच्या हट्टाने. मास्तरांचा विरोध होता. यंत्र महाग, वीज बेभरवशाची. शेवटी त्यांनी पडद्यासमोर बसून कळा चाचपल्या आणि म्हणाले, “अरे, कळा तर आपल्याच आहेत!” हे वाक्य मी धंद्याच्या इतिहासातले महत्त्वाचे वाक्य समजतो. इंग्रजी कळफलक टंकयंत्रावर होता तसाच संगणकावर आला. मराठीसाठी सरकारने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही नवी मांडणी प्रमाण ठरवली होती, तरी श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुनी टंकयंत्राचीच मांडणी मिळे, आणि आमच्याकडच्या बोटांनी तीच निवडली. मास्तरांच्या विद्यार्थ्यांना पुन्हा पहिलीत बसावे लागले नाही. पुढे युनिकोड रुळल्यावर त्या जुन्या फायली उघडल्या की पडद्यावर निव्वळ भुतावळ दिसे, आणि त्या उलगडून देण्याचेही दोन पैसे सरांनी मिळवले, ही गोष्ट निराळी.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. लंडनला ‘सायबेरिया’ नावाचा कॅफे त्याआधी वर्षभरच, १९९४ साली निघाला होता. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवाने मिळू लागले आणि मग ही लाट आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली. सरांनी सहा संगणक मांडले, मध्ये प्लायवुडचे आडोसे केले, तासाला साठ रुपये. कॉफी मात्र कधीच मिळाली नाही. शेजारच्या टपरीवरचा चहा मिळे. या आडोशांत काय काय झाले! अमेरिकेला गेलेल्या मुलांशी आईबाप बोलत. एक आजोबा पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडत, कारण अमेरिका लांब. दहावी-बारावीचे निकाल लागत त्या दिवशी रस्त्यापर्यंत गर्दी. त्यातच भारनियमन, बॅटऱ्यांचा खर्च संगणकाइतका.

तो काळ पाहताना वाटे, धंदा आता स्थिरावला. एकाने हातातले होते नव्हते ते घालून जवळच वीस संगणकांचा कॅफे काढला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. आम्हां सर्वांनाच तसे वाटत होते. पण पुढे घरोघर ब्रॉडबँड आले. २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम केले: प्रत्येक गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहावे, वर्षभर नोंद जपावी, आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नसावेत. सरांनी करवत आणून प्लायवुड कापले. आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर तासाचे भाडे देण्याला अर्थच उरला नाही. वीस संगणकांच्या त्या जागी आता कपड्यांचे दुकान आहे. ज्या याहू मेसेंजरवर आईबाप मुलांशी बोलत, तोही २०१८ साली बंद झाला. आणि विदेश संचार निगम तर २००२ मध्येच टाटांकडे गेले होते. थोरामोठ्यांची ही गत, तर गल्लीतल्या दुकानाचे काय!

मग हे एक दुकान कसे तगले? २००१ साली राज्य सरकारच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तशी मास्तरांच्या तीस-चाळीस शब्दांच्या जागी नवी परीक्षा आली. सरांनी ते वर्ग चालवले. पण माझ्या मते खरे कारण ते नव्हे. सायबरच्या ऐन भरातही सरांनी कोपऱ्यातले एक टेबल कधी हलवले नाही. तेथे अर्ज भरून मिळत. सहा संगणकांच्या मिळकतीपुढे ते टेबल म्हणजे अडगळ वाटावी असे. सर म्हणत, “बाबांचे टेबल आहे, राहू दे.” म्हणजे यात फार मोठी दूरदृष्टी होती असेही नाही.

पण सरकारच कागदावरून पडद्यावर येऊ लागले, आणि सगळे दुकान त्या टेबलाभोवती फिरले. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला, ‘आपले सरकार’ संकेतस्थळ निघाले. २०१७ ची कर्जमाफी ऑनलाइन अर्जाशिवाय नव्हती. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२३ च्या खरिपात पीकविमा एक रुपयात, २०२४ साली ‘लाडकी बहीण’चे अर्ज. गर्दीच्या दिवसांत सर्व्हर मध्यरात्रीनंतरच मोकळा होई. म्हणून रात्री बाराला पुन्हा तीच रांग. पाव दराची रांग मला आठवली. त्यातले दोघे-तिघे तर त्याही रांगेत असावेत.

हे सारे चमत्कारिक वाटेल, पण संगणकधंद्याचा जन्मच मुळी अर्जफाट्यातून झाला. हॉलरिथ नावाच्या गृहस्थाने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोके पाडलेल्या पत्त्यांचे मोजणीयंत्र केले. त्याची कंपनी इतरांत मिळून पुढे आय.बी.एम. झाली. तिने टंकयंत्रे विकली, मोठे संगणक विकले, घरगुती संगणक काढला आणि २००५ साली तोही धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला देऊन टाकला. काही यंत्रे टाकली, सरकारांचे आणि कंपन्यांचे हिशेब सांभाळण्याचे काम टाकले नाही. मास्तरांना आय.बी.एम. ठाऊक होती की नाही कोण जाणे.

आता सरांपुढे नवी काळजी आहे. फोनवरच अर्ज भरता येतात, चेहरा दाखवून ओळख पटते. तरणी मुले दुकानात येत नाहीत. येतात त्या म्हाताऱ्या, मजूर, अंगठ्याच्या रेषा झिजलेली माणसे. आणि त्यांच्यासंबंधीच जोखीम मोठी आहे. उर्दू न वाचता येणाऱ्याचा सारा भरवसा अर्जनवीसावर असे. आज तो भरवसा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या सहा आकड्यांत आहे. ते आकडे ज्याच्या हाती, त्याच्या हाती बँकेतले खातेही जाऊ शकते. काही ठिकाणी गिऱ्हाइकाचा फोन सरळ दुकानदाराच्या हातात असतो, आणि एक रुपयाच्या अर्जाला शंभर द्यावे लागल्याच्या तक्रारी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत.

मास्तर अर्ज टंकून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवीत आणि मगच अंगठा घेत. वेळ जाई, मागचे कुरकुरत. सरांनी तेच चालू ठेवले आहे, निराळ्या रीतीने. परवा मी गेलो, तेव्हा पैठणकडच्या एक बाई फोन पुढे करून म्हणाल्या, “दादा, तुम्हीच बघा की काय आलंय ते.”

“नाही मावशी,” सर म्हणाले, “फोन तुमचा, आकडे तुम्हीच वाचायचे. हा निरोप कोणत्या कामाचा आला, ते मी आधी सांगतो.”

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला. मागे पाचसहा माणसे खोळंबली होती. त्यांनी एकेक आकडा बोटाखाली धरून वाचला. चौथ्याला अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात मुदत संपली. सरांनी नवा ओटीपी मागवला.