फादर स्टीफन्स यांचे दृष्टान्त

कीर्तनकाराला दृष्टान्त हवाच असतो. पण तो सिद्धान्ताला सोडून भलतीकडे गेला, की श्रोत्यांना गोष्ट तेवढी आठवते. हीच अडचण सासष्टीतील राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या कर्त्यापुढेही होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ मध्ये गोव्यास आले आणि पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलाची कथा मराठीत सांगितली.

मराठीची थोरवी गाताना त्यांना रत्न, मोगरी आणि कस्तुरी आठवतात. ही आपल्याच परड्यातली नि देवघरातली सामग्री. तिने अर्थ उजळतो, बदलत नाही. धर्मतत्त्वाशी येताच मात्र ते सावध होतात: पवित्र आत्म्यास ते ‘स्पिरिता सांतु’ हे परकीय नावच ठेवतात. मग स्वर्गास ‘वैकुंठ’ का म्हटले? हे मला खटकते. त्या शब्दामागे साक्षात् विष्णू उभा आहे. त्याला दूर सारून त्याचे घर तेवढे घेणे हा प्रामाणिक दृष्टान्त नव्हे.

ग्रंथारंभी एक ब्राह्मण पाद्रींस विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? प्रश्न खरा होता. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. बाप्तिस्मा न घेणारे कित्येक जण श्रीमंगेशास कुशस्थळीहून, श्रीशांतादुर्गेस केळोशीहून घेऊन केव्हाच नदीपार अंत्रुजास गेले होते.