सोलापूर\चादर\लांबी : पाच ओळींचं भाष्य

कोड पीएचपीचा, सोलापुरातल्या एखाद्या चादर दुकानाच्या बिलापुरता रचलेला. नावं मुळात रोमनमध्ये आहेत. कॅपिटल-स्मॉल कुठे काय, ते ओळीपाशी सांगितलं आहे.

नेमस्पेस सोलापूर\चादर; (दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल)

'सोलापुरी' म्हटलं की चादर कुठली ते कळतं, जीआय मानांकनही त्याच नावाला आहे. नेमस्पेसचं काम हेच. २००९ साली ५.३ आवृत्तीत ती आली आणि दोन लायब्ररींतल्या 'लांबी'ची टक्कर टळली.

कॉन्स्ट लांबी = ९०; (सगळं कॅपिटल)

खरी मेख इथे आहे. इंजिन पूर्ण नाव साठवताना शेवटच्या बॅकस्लॅशपर्यंतचा भाग स्मॉल करून टाकतं आणि 'लांबी' मात्र जशीच्या तशी ठेवतं. एकाच नावाच्या दोन तुकड्यांना दोन नियम! मला ही रचना मुळातच चुकीची वाटते. नावं देवनागरीत ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही; पीएचपीला ती चालतात.

एको \सोलापूर\चादर\लांबी; (नेमस्पेस स्मॉल, 'लांबी' कॅपिटल)

९० छापलं जातं.

एको \सोलापूर\चादर\लांबी; (आता 'लांबी'चं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल)

'अनडिफाइंड कॉन्स्टंट' म्हणून प्रोग्राम थांबतो, आणि थांबतो तेच बरं. मागचा पत्ता न लावता नुसतं 'लांबी' असं चुकीच्या अक्षरांत लिहिलं, तर ७ पर्यंतच्या आवृत्त्या कुरकुर करून तेच नाव मजकूर म्हणून पुढे ढकलायच्या. बिलावर ९०च्या जागी चक्क शब्द छापून यायचा. २०२०च्या ८.० पासून तिथेही एरर येते.

डिफाइन('\सोलापूर\चादर\रुंदी', ६०);

डिफाइन चालू नेमस्पेस बघत नाही, म्हणून पूर्ण नाव द्यावं लागतं. पण सुरुवातीचा बॅकस्लॅश घातक आहे. साठवताना तो नावातच राहतो, शोधताना मात्र इंजिन तो काढून टाकतं. 'रुंदी' मेमरीत असते आणि सापडत नाही. डिफाइन तक्रारही करत नाही. त्यापेक्षा कॉन्स्टच वापरावा.

जुन्या कोडात डिफाइनला तिसरं 'ट्रू' दिलेलं असतं, कॅपिटल-स्मॉलचा भेद मिटवायला. ७.३ ने ते मोडीत काढायची सूचना दिली, ८.० त्याकडे वॉर्निंग देऊन दुर्लक्ष करतं. सर्व्हर बदलण्याआधी सगळ्या फायलींत ते 'ट्रू' शोधून काढावं आणि वापराच्या प्रत्येक जागी अक्षरं जुळवून घ्यावीत.