तळटीप : कोंडाईबारीचा चढ आणि तीन-तीनचा मॅनिफोल्ड

१४. नवापूरकडून विसरवाडी मागे टाकून धुळ्याच्या दिशेने कोंडाईबारी घाट चढताना भरलेली गाडी दम टाकत नाही, याचे सारे श्रेय लेखकाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीला, दिले आहे. ते निम्मेच खरे. ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनात (टाटाचे ६९७ घ्या : सिलिंडरचा व्यास ९७ मिमी, एकूण ५,६७५ घनसेंमी) क्रँकशाफ्टच्या दर १२० अंशांनी एक सिलिंडर पेटतो, क्रम १-५-३-६-२-४. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र सुमारे २४० अंश उघडा राहतो. सहाही तोंडे एकाच आखूड नळीत सोडली, की १ नंबरचा व्हॉल्व्ह मिटायच्या आतच ५ नंबरच्या वायूचा दणका त्याच्या तोंडावर येतो आणि जळका वायू आत रेंगाळतो. आता क्रम नीट पाहा : पुढचे तीन (१-२-३) आणि मागचे तीन (४-५-६) आळीपाळीने पेटतात. दोन्ही गटांना स्वतंत्र नळी दिली, की प्रत्येकीत दोन दणक्यांमध्ये २४० अंशांचे अंतर पडते आणि ही धक्काबुक्की जवळजवळ संपते. काही टर्बोंना दोन तोंडे असतात, ती यासाठीच. लांबीचाही हिशेब आहे : लांब नळी कमी फेऱ्यांत ओढ देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांत. पण ट्रकचे डिझेल इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आतच चालते. तिथे उपयोगी पडेल एवढी लांब नळी चासीखाली मावणे कठीण. म्हणून बिनटर्बोच्या जुन्या गाडीला हौसेने बसवलेल्या नळ्यांनी आवाज भारदस्त होतो, ओढ थोडीशीच वाढते. घाटात काळा धूर निघत असेल, तर आधी एअर फिल्टर, पंप आणि नोझल तपासावेत. – संपा.