प्राण्यांचा देहरचना-आराखडा

प्राण्यांचा देहरचना-आराखडा म्हणजे एखाद्या संघातील प्राण्यांमध्ये समान आढळणारी शरीराची मूलभूत मांडणी होय. जननस्तर, सममिती, देहगुहा, खंडीभवन आणि पचनमार्ग ही तिची प्रमुख अंगे आहेत. ही मांडणी भ्रूणावस्थेत आकार घेत असल्याने प्राण्यांच्या वर्गीकरणात भ्रूणविज्ञानाला महत्त्वाचे स्थान आहे. केवळ प्रौढ प्राण्याच्या बाह्यरूपावरून ठरवलेले नाते फसवे असू शकते. तारामासा हा गोगलगायीपेक्षा माणसाला अधिक जवळचा आहे, हे त्याचे ठळक उदाहरण.

जननस्तर

फलित अंड्याचे वारंवार विभाजन होऊन पेशींचा, बहुधा पोकळ, गोळा तयार होतो. त्यास ब्लास्टुला म्हणतात. अनेक प्राण्यांत पुढे त्याची एक बाजू आत दुमडली जाते. आत तयार होणारी नळी म्हणजे आद्यांत्र आणि तिचे बाहेर उघडणारे छिद्र म्हणजे ब्लास्टोपोर. या टप्प्यात पेशींचे थर वेगळे होतात. बाह्यस्तरापासून त्वचेचे बाह्य आवरण व चेतासंस्था, मध्यस्तरापासून स्नायू आणि अंतःस्तरापासून अन्नमार्गाचे अस्तर तयार होते. कोंबडीच्या भ्रूणातील हे स्तर ख्रिस्तियान पांडर यांनी १८१७ मध्ये वर्णिले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ही कल्पना इतर प्राण्यांना लागू केली.

स्पंजांमध्ये खऱ्या ऊती नसतात. हायड्रा व जेलीफिश द्विस्तरीय आहेत, तर चपट्या कृमींपासून माणसापर्यंतचे द्विपार्श्व प्राणी त्रिस्तरीय आहेत.

सममिती आणि देहगुहा

जेलीफिशचे शरीर अरीय सममितीचे, तर गांडुळाचे व माणसाचे द्विपार्श्व सममितीचे असते. प्रौढ तारामासा पंच-अरीय दिसतो; मात्र त्याची अळी द्विपार्श्व असते. म्हणजेच त्याची अरीय सममिती मूळची नसून नंतर आलेली आहे.

मध्यस्तराने सर्व बाजूंनी वेढलेली पोकळी ही खरी देहगुहा. ती वलयी प्राण्यांत व पृष्ठवंशीयांत असते. चपट्या कृमींत देहगुहा नसते आणि गोल कृमींत ती आभासी असते.

आद्यमुखी आणि द्वितीयमुखी प्राणी

कार्ल ग्रोबेन यांनी १९०८ मध्ये द्विपार्श्व प्राण्यांचे दोन मोठे गट मांडले. आद्यमुखी प्राण्यांत ब्लास्टोपोरपासून किंवा त्याच्या जागी मुख बनते, असे मानले गेले. संधिपाद, मृदुकाय व वलयी प्राणी या गटात येतात. द्वितीयमुखी प्राण्यांत ब्लास्टोपोरच्या जागी गुदद्वार बनते आणि मुख दुसरीकडे नव्याने उघडते. कंटकचर्मी व समपृष्ठरज्जू प्राणी या गटातील असल्याने तारामासा माणसाच्या बाजूला येतो.

विभाजनाच्या पद्धतीतही फरक आढळतो. अनेक मृदुकाय व वलयी प्राण्यांत पेशींची मांडणी सर्पिल असते आणि पेशींचे भवितव्य लवकर ठरते. कंटकचर्मींत ती अरीय असते. हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री अर्चिनच्या द्विपेशीय भ्रूणातील पेशी वेगळ्या केल्या, तेव्हा एकेका पेशीपासून आकाराने लहान परंतु पूर्ण अळी तयार झाली.

वर्गीकरणातील बदल

भ्रूणाची लक्षणे हा अंतिम निकष नव्हे. प्रायापुलिड हे कृमी आद्यमुखी गटातील असूनही त्यांच्यात ब्लास्टोपोरपासून गुदद्वार बनते. शरीराच्या खंडीभवनामुळे गांडूळ व झुरळ निकटचे मानले जात. १९९७ मध्ये जनुकीय क्रमांच्या तुलनेवरून संधिपाद व गोल कृमी यांचा, कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक गट सुचवण्यात आला. वलयी, मृदुकाय व चपटे कृमी आद्यमुखींच्या दुसऱ्या शाखेत गेले.

त्यामुळे देहगुहा नसणे, आभासी असणे आणि खरी असणे हा क्रम उत्क्रांतीच्या चढत्या पायऱ्या दर्शवत नाही. प्राण्यांच्या रचनेचे वर्णन करण्यासाठी मात्र ही विभागणी आजही उपयुक्त आहे.