सह्याद्रीतील जलसंचय आणि विजेची कमाल मागणी
निसर्गतः पुन्हा पुन्हा मिळणारी ऊर्जा मागणीच्या वेळेपर्यंत राखून ठेवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात सौर विजेच्या कितीतरी आधी, पावसाच्या संदर्भात उभा राहिला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस चारच महिने पडतो. मुंबईच्या कापडगिरण्यांना मात्र वीज वर्षभर हवी होती. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत् कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले. त्यांचे पाणी सु. ५०० मी. खाली सोडून खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे निघाली.

या साठवणीची किंमत केवळ बांधकामाच्या खर्चात मोजता येत नाही. भिरा केंद्रासाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा मावळातील अनेक गावांची भातखाचरे बुडणार होती. पां. म. बापट यांच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. बापटांना कारावास भोगावा लागला आणि धरणही पुरे झाले. ‘सेनापती’ हे उपपद त्यांना या लढ्यातूनच मिळाले. रोख भरपाई दिली की विस्थापितांचा प्रश्न मिटतो, हा समज मुळशीने तेव्हाच खोटा ठरविला होता. धरणे बांधणाऱ्यांनी तो पुढेही बराच काळ सोडला नाही.

पावसाने भरणारा तलाव वर्षातून एकदाच भरतो. उदंचित संचय पद्धतीत मात्र शिलकी विजेवर पंप चालवून पाणी रोज वरच्या जलाशयात चढविता येते व संध्याकाळी मागणी वाढताच खाली सोडता येते. प्रवरेच्या उगमाजवळील घाटघर आणि कोकणातील चोंढे यांदरम्यान असे केंद्र २००८ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात १२५ मेवॉ.चे दोन संच असून एकच यंत्र पंप व टरबाइन या दोन्हींचे काम करते. अशा केंद्रात सर्वसाधारणपणे चार एकक वीज खर्चिल्यावर तीनच परत मिळतात. म्हणजे ते विजेचे उत्पादक नसून ग्राहकच असते. शिलकी वीज स्वस्त व संध्याकाळची महाग असेल तरच हा व्यवहार परवडतो. पूर्वी ही शिल्लक औष्णिक केंद्रांच्या रात्रीच्या विजेची धरली जाई. आता ती भर दुपारच्या सौर विजेची असते.

लिथियम विद्युत् घटमाला कोठेही बसविता येतात व क्षणार्धात वीज देतात, पण वापरागणिक त्यांची क्षमता घटते आणि त्यांचा साठा काही तासांपुरताच असतो. आषाढातला पाऊस वैशाखापर्यंत राखण्याचे काम त्यांच्याने होत नाही. ते तलावच करू शकतात. त्यांना लागणारे उंच कडे सह्याद्रीत पुष्कळ आहेत. परंतु उरलेली अरण्ये आणि आदिवासींच्या वाड्याही त्याच कड्यांच्या आश्रयाने आहेत.